समुद्राकाठी मारलेला बोअर

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र विकायचा, हा माझा धंदा. हसा, हसा. माझी बायकोसुद्धा पहिल्या दिवशी हसली होती. म्हणाली, "आपल्या नळाला आठ दिवसाला पाणी येते अन् तुमी समुद्र विकायले निघाले व्हय!" पण खरं सांगतो, ह्या धंद्यानं मला जेवढी मजा दिली तेवढी आधीच्या आयुष्यात कशानंच दिली नाही.

आधी मी जीप चालवायचो. गोरेगाव ते सेनगाव, सेनगाव ते हिंगोली, दिवसातून पाच फेऱ्या. आमचं घर मेंढरांचं. भाऊ मेंढरं हाकायचा, मी माणसं हाकायचो. दर मे महिन्यात शाळेचे गुरुजी लोक बायकापोरांसकट जीप ठरवायचे आणि मी त्यांना कोकणात नेऊन आणायचो. असाच एका किनाऱ्याच्या गावी, मालवणच्या बाजूला, खोली मिळेना म्हणून आम्ही अकरा माणसं एका घराच्या पडवीत झोपलो. त्या पडवीचं भाडं ऐकून माझे डोळे पांढरे झाले. मी घरमालकाला विचारलं, हे वर्षभर असंच असतं का? तो म्हणाला, "नाय हो, सीझनला फक्त." तो 'सीझन' शब्द माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

आमच्याकडे सीझन म्हणजे सोयाबीन निघायचा. त्यांच्याकडे सीझन म्हणजे दिवाळीचे दहा दिवस, नाताळ ते एक तारीख, मग शनिवार-रविवार, आणि मे महिना. जून लागला की कुलूप. चार महिने घरानं कमवायचं आणि बारा महिने खारा वारा त्या घराला खात बसणार. कुलपं गंजतात, पंखे कुरकुरतात, फ्रीजची पाठ सहा महिन्यांत लाल होते. हे सगळं मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो. तरी जो घे म्हणतो त्यालाच घर दाखवतो. घर विकत घेऊन द्यायचं, सातबाऱ्यावरची मुंबईला पांगलेली नावं शोधून त्यांच्या सह्या आणायच्या, मग पाहुण्यांचं बुकिंग बघायचं, हे माझं काम.

गिऱ्हाईक तरी कसली कसली भेटली! पुसेगावच्या एका गुरुजींना मी सकाळी समुद्रावर नेलं. तेव्हा ओहोटी होती. वाळू लांबच लांब मोकळी पडलेली. गुरुजी उभे राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "मारोतराव, एवढी जागा काहून पडीक हाय? गायरान हाय का?" मी म्हटलं, सरकारी आहे. तर ते लगेच पावलं मोजायला लागले. "दोन एकर सहज भरते. चार वर्षं बसून राहू, पुढं नावावर करून घेऊ." हद्दीची खूण म्हणून त्यांनी एका कोपऱ्यावर स्वतःच्या चपला ठेवल्या. दुसऱ्या कोपऱ्यावर माझी छत्री रोवली. आम्ही जेवून परत आलो तर भरती लागलेली, सगळं पाणीच पाणी. मी म्हटलं, "गुर्जी, तुमचा प्लॉट बुडाला." गुरुजी अनवाणी परत आले आणि आजही मला फोनवर विचारतात, माझा प्लॉट वर आला का म्हणून.

ह्या किश्श्यावर मी दहा वर्षं लोकांना हसवलं. पण त्या गुरुजींपेक्षा मोठी चूक मी स्वतः केली, आणि ती आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

झालं असं की, पुण्याचा पाहुणा घर घेण्याआधी सतरा गोष्टी विचारतो. समुद्र दिसतो का, एसी आहे का, मासे ताजे मिळतील का. आमच्याकडचा माणूस एकच विचारतो, "पाणी किती फुटावर हाय?" बोअरची खोली ही आमच्याकडे अब्रूची गोष्ट आहे. कुणाचा तीनशे फूट, कुणाचा पाचशे. सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा व्याही व्याह्याला बोअर विचारून घेतो. जेवढं खोल जाल तेवढं पाणी पक्कं, हे आम्ही आईच्या दुधासोबत प्यालेलो आहोत.

तर नलिनी सिस्टर. सेनगाव तालुक्यात ह्या बाईला ओळखत नाही असं घर नसेल. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी गेली. बौद्ध घरातल्या, बापाची मजुरी, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. पोलिओचे डोस घेऊन माझ्याच जीपमध्ये वस्त्यावस्त्यांवर जायच्या. माझी दोन्ही लेकरं त्यांच्याच हातावर जन्मली. रिटायर झाल्यावर एक दिवस घरी आल्या, चहा पण घेतला नाही, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मारोतराव, मला समुद्राकाठी घर पायजे."

मी म्हटलं, सिस्टर, पोरगा पुण्याला आहे, तिकडं फ्लॅट घ्या.

"पोरगं बी तेच म्हणून राहिलं. जल्मभर दुसऱ्याच्या ड्यूटीनं जागले. आता सीझनला भाड्यानं दीन, अन् पावसाळ्यात मी एकली त्या घरात ऱ्हाईन. समुद्र ऐकत."

फंडाचा सगळा पैसा त्या घरात जाणार होता. मागे काही राहणार नव्हतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी दीड वर्ष घर शोधलं आणि असं शोधलं की सांगता सोय नाही! लाल चिऱ्याचं घर, कौलारू, चार खोल्या, दारात माड, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. सातबाऱ्यावरच्या एकोणीस जणांच्या सह्या मी मुंबईत जिने चढून चढून आणल्या. व्यवहार झाला त्या दिवशी सिस्टर ओसरीवर बसून लहान पोरीसारख्या हसत होत्या. मी तर जीपचा हॉर्न पाच मिनिटं वाजवला.

एकच गोष्ट मला खटकली. परसातली विहीर. तिकडे तिला बाव म्हणतात. मी वाकून बघितलं तर पाणी बारा-पंधरा हातांवर! आमच्याकडे एवढ्या खोलीवर लिंबाची मुळी थांबत नाही. चार खोल्या, सोळा माणसं, आंघोळी, बाथरूम, आणि हे एवढंसं पाणी? मी म्हटलं, सिस्टर, बोअर घ्यावा लागेल.

"गरज हाय का पण? शेजारच्या माईंना विचारू का?"

"सिस्टर, इंजेक्शन तुमचं, पाणी माझं. त्यात तुमी बोलू नका."

माई म्हणजे शेजारची म्हातारी. एकटीच. चाळीसेक माड, पोफळीचं आगर, आणि गडग्याच्या, म्हणजे मधल्या दगडी कुंपणाच्या, पलीकडे तिची बाव. एप्रिल-मे महिन्यात अर्धी वाडी तिच्या बावीवर पाणी भरायची. बोअरची गाडी दारात लागली तसं माई गडग्याशी आल्या आणि मला म्हणाल्या, "रे झिला, खाली जाव नको. खाली समुद्र आसा."

मला हसू आलं. मी पश्चिमेला बोट केलं. "माई, समुद्र तिकडं हाय."

"थंय दिसता तो. खालचो दिसाचो नाय."

मी मशीनवाल्याला म्हटलं, चालू कर. तीस फुटांवर छान पाणी लागलं. तो म्हणाला, शेठ, थांबूया. मी कसला थांबतो! माझ्या अंगात हिंगोली जिल्हा संचारला होता. एकशेऐंशी फूट नेला. पाण्याचा असा फवारा उडाला की माडाच्या झावळ्या भिजल्या. मी त्याच्याखाली नाचलो, तोंड वर करून प्यालो. गोड होतं. मी गडग्याकडे बघून माईंना हात सुद्धा केला. आठवलं की आजही कानशिलं गरम होतात.

दिवाळीला चारही खोल्या भरल्या. पहिला सीझन, पहिलेच पाहुणे! सिस्टर पहाटेपासून कामाला, मी गाडीवाला, मी वाढपी, मीच पंप चालू करणारा. दोन दिवस नुसती धमाल. तिसऱ्या दिवशी एक पुणेकर गृहस्थ अंगाला साबण चोपडलेले तसेच बाहेर आले. "अहो, ह्याला फेस का येत नाही?" मागून त्यांच्या मिसेस कप घेऊन आल्या. "चहात मीठ पडलंय वाटतं." मी बोअरचं पाणी ओंजळीत घेतलं आणि थुंकलो. खारट. दोन दिवसांत पाणी पालटलं होतं.

सिस्टर घाबरल्या नाहीत. आमची बाव बोअरच्या मातीनं गढूळ झालेली, म्हणून बादली घेऊन सरळ माईंकडे गेल्या. माई म्हणाल्या, भर गो बाय, विचारतं काय. मग दोन दिवस पाहुण्यांचं पिण्याचं पाणी सिस्टरनी स्वतः माईंच्या बावीवरून शेंदून आणलं. आंघोळीला बोअरच चालू ठेवला, मी म्हटलं उपसा झाला की सुधारेल. आमच्याकडे सुधारतं.

पाचव्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून माईंचा आवाज आला. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा.

"बाटवल्यात! माझी बाव बाटवल्यात!"

सिस्टर ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला. पाहुणे समुद्रावर गेलेले, म्हणून त्यांनी काही ऐकलं नाही, एवढंच नशीब. मी सिस्टरच्या तोंडाकडे बघितलं. ज्या बावीत कालपर्यंत ह्यांनी स्वतःच्या हातानं बादली सोडली, तीच बाव बाटली म्हणून म्हातारी ओरडत होती. ह्याचा दुसरा अर्थ मला तरी कुठून लागणार? मी पण त्याच मुलखातला. हा शब्द आमच्याकडे कशासाठी वापरायचे ते मला माहीत नाही का!

सिस्टर उठल्या, आत गेल्या, पिशवी भरून बाहेर आल्या.

"मारोतराव, जीप काढा."

"सिस्टर, ऐका तर..."

"काय ऐकू? माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. ती सांगायची तवा मला वाटायचं, ते गेलं, संपलं. हयातभर समद्या जातीच्या बाया ह्या हातानं बाळंत केल्या. तवा कोन बाटलं न्हाई! अन् एवढ्या लांब येऊन, आपल्या पैशाच्या घरात बसून, हेच ऐकायचं? इका हे घर. जे येईल त्या भावानं इका."

रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं डोकंच फिरलं. मी गडगा ओलांडून गेलो आणि तावातावानं विचारलं, "माई, काय बोलल्या तुमी? कोनाच्या हातानं बाटली बाव?"

"तुझ्या!" माईंनी माझ्याकडेच बोट केलं. "तुझ्या त्या पायपान! समुद्र भुतूर घेतलंस तू!" आणि हातातला पेला माझ्यापुढे धरला. "पी."

मी प्यालो. आमच्या बोअरची चव होती. तीच, बराबर तीच.

मी बावीच्या काठावर बसलो आणि ती म्हातारी मला सांगत राहिली. जमिनीत वरच्या अंगाला पावसाचं गोडं पाणी असतं, त्याच्याखाली समुद्राचं. वरवरचं घ्याल तोवर दोघं आपापल्या जागी. तुम्ही खोल भोक पाडून ओढाल तर समुद्र वर चढतो, आणि आजूबाजूच्या बावीतही शिरतो. गोड्या पाण्यात समुद्र शिरला की तिच्या घरात म्हणायचे, बाव बाटली. एकदा तिच्या सासऱ्याच्या वेळी उधाणाचं पाणी आगरात घुसलं होतं, तेव्हाही हाच शब्द.

मग त्यांनी विचारलं, "ती बाय खंय? हाक मार तिका."

आता मला सांगावंच लागलं. मान खाली घालून सांगितलं, माई, त्या बौद्ध आहेत, आणि आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा होतो. त्या घर विकून चालल्या.

मी समजत होतो की म्हातारी म्हणेल, आमच्यात असलं काही नसतं. तसं ती म्हणाली नाही. म्हणाली, "तो अर्थ हयसर पण आसा. माझ्या सासयेच्या तोंडात होतो." आणि काठी घेऊन निघाली.

सिस्टर पिशवी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या होत्या. माई जीपच्या दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाय, वाईट शब्द माझ्या तोंडातसून गेलो. माझी चूक तोंडाची, तुमची चूक पायपाची. माझी माफी मागून जायत. तुमची कशी जायत?"

आणि पेला पुढे केला. सिस्टरनी घोट घेतला. त्यांचा चेहरा बदलताना मी बघितला. आधी राग गेला, मग भीती आली. दवाखान्यात पेशंट गंभीर आला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. त्या जीपमधून उतरल्या. "पंप बंद करा. आत्ताच्या आत्ता. बोअर बुजवून टाका."

"सिस्टर, नाताळचं बुकिंग फुल हाय. मे महिन्याचं बी लागलंय. टँकर मागवू, पंप हळूहळू..."

"मारोतराव, पेशंट आधी का फी आधी?"

माती, सिमेंट, खडी घालून बोअर बुजवला. नाताळ गेला, मे महिना गेला. मी एकेका पाहुण्याला फोन करून माफी मागितली, शिव्या खाल्ल्या. माझं कमिशन सिस्टरना परत दिलं, पण त्यानं माईंच्या बावीचं काय होणार होतं? वाडीतले जाणते म्हणाले, चांगला पाऊस झाला तर वरून गोडं पाणी दाबेल, समुद्र मागे हटेल. एका पावसात हटेल की तीन पावसात, ते कुणी सांगू शकत नव्हतं. तोवर माई लांबून पाणी आणणार, पोफळी सुकत जाणार, आणि सिस्टरचं चार खोल्यांचं घर कुलूप लावून खारा वारा खाणार. ज्या घरात त्या पावसाळाभर राहणार होत्या तिथली बावही खारट झाली म्हणून त्या परत सेनगावला येऊन बसल्या.

तो पावसाळा मी विसरणार नाही. आमच्या गावात सगळे आपल्या सोयाबीनसाठी आभाळाकडे बघत होते, आणि सिस्टर रोज टीव्हीवर कोकणचा पाऊस बघत होत्या. "आज रेड अलर्ट हाय!" असं आनंदानं सांगणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. दर रविवारी माईंना फोन. "माई, पाणी कसं हाय?" पलीकडून उत्तर, "आसा तसाच." पुढे पुढे पाण्याचं दोन मिनिटं आणि बाकीचं तासभर चालायचं. गुडघेदुखीला काय लावायचं, पेज कशी करायची, पोरगा फोन करतो का. मला मात्र त्या फोनची धास्ती. रविवार आला की मी सिस्टरच्या घरावरून जाणंच टाळायचो.

दसरा झाला आणि फोन सिस्टरचा मला आला. "माईनं बोलावलंय. वाडीतले लोक म्हणून राहिले पाणी गोड झालं. ती म्हणते, माझी जीभ म्हातारी झाली, खाऱ्याची सवय लागली, मला कळत न्हाई. अन् लोक मला बरं वाटावं म्हणून गोड सांगतेत. ती म्हणते, बाय तू ये. तू खोटं बोलणार न्हाई."

मी जीप अशी पिटाळली की काय सांगू! एवढ्या लांबच्या वाटेत आम्ही धड जेवलो नाही. सिस्टर एकच म्हणत होत्या, "खारट असलं तर खारट सांगावं लागंल, मारोतराव." मी म्हणत होतो, हो सिस्टर.

पोचलो तर बावीभोवती वाडीतली वीस-पंचवीस माणसं जमलेली. माई काठीवर हनुवटी टेकून बसलेल्या. वाडीतल्या एका सुनेनं पाणी काढायला राजू, म्हणजे बावीचा दोर, हातात घेतला तसं माई तिच्यावर खेकसल्या, "ठेव तो. तिका काढूं दे." सिस्टरनी पदर खोचला, कळशी सोडली, ओढून वर घेतली. तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला.

एक घोट घेतला. थांबल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं.

"सिस्टर! काय हाय ते सांगा ना!" मी ओरडलोच.

त्यांनी मला हातानं थांबवलं. तांब्या रिकामा केला आणि परत कळशीत बुडवला.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या, "प्यू द्या की मला."

माईंना कळलं. ती म्हातारी काठी टाकून उभी राहिली आणि टिपेच्या आवाजात ओरडली, "गोड आसा गे! बघतास काय, कळशे हाडा!" बायका घागरी-कळश्या आणायला पळाल्या. माई मात्र जागेवरून हलल्या नाहीत. सिस्टर पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता दिवाळीक पावणे बोलव. पण दोनच खोल्यांचे हां. बाव बघान."